युक्तिवादी निबंधाचे अध्यापन

युक्तिवादी निबंधाचे अध्यापन : ज्या प्रश्नावर समंजस माणसांचेही दुमत होऊ शकते, त्यावर स्वतःची भूमिका घेऊन ती कारणे व पुरावे यांच्या जोरावर वाचकाला पटवून देणारे लेखन विद्यार्थ्यांना शिकवण्याची पद्धत. ‘वैचारिक निबंध’ म्हणून जे लिहून घेतले जाते त्याच्याशी याचे नाते जवळचे असले, तरी दोन्ही एक नव्हेत. ‘वेळेचे महत्त्व’ या विषयावर विचार हवे तितके मांडता येतात, वाद मात्र घालता येत नाही, कारण वेळेला महत्त्व नाही असे म्हणणारा कोणी समोर नसतोच. युक्तिवादी निबंधाला हा समोरचा लागतो. तोंडी भांडणात तो आपोआप मिळतो, ‘कशावरून?’, ‘मग त्याचं काय?’ असे विचारून तो बोलणाऱ्याला पुढचे कारण द्यायला भाग पाडतो. कोऱ्या कागदावर असे विचारणारे कोणी नसते. त्यामुळे भांडणात पाच कारणे फडाफडा सांगणारे मूल वहीत दोन ओळींवर अडते. हे लेखन शिकवण्यातली बहुतेक मेहनत या गैरहजर माणसाला कागदावर आणण्यात जाते.

जुनी परंपरा

ही गरज जुन्या परंपरांनी फार आधी ओळखली होती. भारतीय न्यायशास्त्राने अनुमान दुसऱ्याला पटवून देण्यासाठी प्रतिज्ञा (आपले म्हणणे), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते उदाहरण प्रस्तुत बाबीला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) असे पाच अवयव सांगितले. वेदवाक्यांच्या अर्थाची चिकित्सा करणाऱ्या मीमांसेच्या अधिकरणात, म्हणजे एकेका प्रश्नाच्या चर्चेत, विषय व संशय यांनंतर आधी पूर्वपक्ष येतो आणि मगच सिद्धांत. म्हणजे आपले म्हणणे सांगण्याआधी दुसऱ्याचे म्हणणे नीट मांडणे हा रचनेचाच भाग. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकारही केले आहेत : सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता नुसते समोरच्याला पाडणे ती वितंडा. वर्गात हे तीन शब्द फळ्यावर लिहिले की निम्मे काम होते. मुलांना आपण कालच्या मधल्या सुट्टीत काय करत होतो ते लगेच कळते.

ग्रीक जगात अ‍ॅरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकात वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद अशी पटवून देण्याची तीन साधने सांगितली. शिक्षकांच्या दृष्टीने त्याहून उपयोगी ठरली ती पुढच्या काळातली सरावमाला. इ. स. चौथ्या शतकातील ग्रीक वक्तृत्वशिक्षक अफ्थोनियसच्या मालिकेत १४ पायऱ्या आहेत. सुरुवात बोधकथेपासून होते. पाचव्या-सहाव्या पायरीवर एखादी कथा खोडून काढणे व तिचे समर्थन करणे येते. आणि ‘लग्न करावे का?’ यासारख्या सर्वसाधारण प्रश्नावर भूमिका घेऊन, आक्षेपांना उत्तरे देत लिहिणे थेट तेराव्या पायरीवर. पूर्ण युक्तिवाद ही शेवटाकडे येणारी गोष्ट आहे हे त्या शिक्षकांना माहीत होते. आजही अनेक वर्गांत तीच पहिल्या दिवशी मागितली जाते, आणि मग मुलांना विचारच करता येत नाही अशी तक्रार होते.

भूमिका, पुरावा आणि दुवा

भूमिका म्हणजे विषय नव्हे आणि प्रश्नही नव्हे. ज्याला कोणीतरी ‘नाही’ म्हणू शकेल असे ते विधान असते. ‘गृहपाठ’ हा विषय. ‘गृहपाठाचे फायदे-तोटे आहेत’ हे विधान असले तरी त्याला कोणी नाही म्हणणार नाही. ‘गृहपाठ बंद करावा’ ही भूमिका झाली, मात्र फार रुंद. ती अरुंद कशी होते हे एका नमुन्यावरून पाहता येईल. समजा, विद्यार्थ्याने लिहिले :

‘गृहपाठामुळे मुलांवर ताण येतो. म्हणून गृहपाठ बंद करावा.’

वाचताना हे ठीक वाटते. ‘म्हणून’ या शब्दाखाली मात्र एक न लिहिलेले वाक्य दडले आहे : ज्याने ताण येतो ते बंद करावे. शिक्षकाने ते वाक्य वहीच्या समासात लिहून ‘हे तुला मान्य आहे का?’ एवढेच विचारायचे. विद्यार्थी म्हणतो, नाही, ताण तर सामन्यातही येतो, तो कुठे बंद करायचा? मग गृहपाठाच्या ताणात वेगळे काय? थोडा वेळ शांतता. नंतर उत्तर येते की ज्याच्या घरी सांगायला कोणी नाही, तो अडला की अडूनच बसतो, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा मात्र त्यालाच. आता नवी भूमिका तयार होते : ‘जो गृहपाठ घरच्या मोठ्या माणसाच्या मदतीशिवाय पुरा होत नाही, तो देऊ नये.’ ही पहिलीपेक्षा लहान आहे, पण तिच्यासाठी पुरावा शोधता येतो आणि तिच्याशी वादही घालता येतो.

हे दडलेले वाक्य नेमके कुठे असते ते दाखवण्यासाठी ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांची १९५८ मधील मांडणी सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात सहा घटक आहेत : दावा, त्याचा आधार, आधार व दावा जोडणारा दुवा, त्या दुव्याचे समर्थन, दाव्याची मर्यादा सांगणारे ‘बहुधा’, ‘सहसा’ यांसारखे शब्द, आणि अपवाद. टूल्मिन यांचा रोख औपचारिक तर्कशास्त्राच्या मर्यादांवर होता. वक्तृत्व आणि लेखन शिकवणाऱ्यांनी ही मांडणी नंतर उचलली. सहाही घटकांचे तक्ते भरून घेणे हा लहान वर्गात निव्वळ छळ होतो. दावा, आधार आणि दुवा या तिघांवर बराच काळ भागते, आणि तिघांत दुवाच खरा शिकवावा लागतो.

शिकागो विद्यापीठातील जॉर्ज हिलॉक्स यांनी त्यासाठी उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी भूमिका ठरवून तिला पुरावे चिकटवण्याऐवजी आधी पुरावा समोर ठेवायचा. त्यांच्या एका गाजलेल्या पाठात मुलांना चित्र दाखवले जाते : जिन्याच्या तळाशी एक माणूस मरून पडला आहे आणि त्याच्या हातात पेला आहे. तो पाय घसरून पडला, असे पत्नी सांगते. तिचे खरे मानायचे का? मुले बारकाईने बघू लागतात आणि कोणीतरी म्हणते, ‘पण पेला अजून हातात कसा?’ इथे शिक्षक विचारतो, त्यात काय झाले? तेव्हा मुलाला सांगावे लागते की पडणारा माणूस सहसा हातातले सोडून आधार धरायला बघतो. हाच दुवा. ‘सहसा’ हा शब्दही त्याने आपणहून वापरलेला असतो. मर्यादा शिकवायला वेगळा तास लागत नाही.

समोरची बाजू

आपल्या बाजूची कारणे मुलांना सुचतात, विरुद्ध बाजूची सहसा सुचत नाहीत. अमेरिकन संशोधक डेव्हिड पर्किन्स यांनी १९८५ मध्ये दाखवले की शिक्षणाची वर्षे वाढली तरी दैनंदिन प्रश्नांवरच्या युक्तिवादात त्या मानाने फारशी सुधारणा होत नाही. बेरायटर आणि स्कार्डामालिया या संशोधकांनी १९८७ मध्ये लेखनाचे दोन प्रकार वेगळे केले : आठवेल ते ओळीने सांगत जाणे, आणि लिहिता लिहिता आपले ज्ञानच पालटत नेणे. नवखा लेखक पहिल्या प्रकारात अडकतो, कारण त्याला अडवणारे कोणी नसते.

त्यावरचा साधा उपाय म्हणजे लिहिण्याआधी खरा समोरचा आणून बसवणे. डिॲना कून आणि अमांडा क्रॉवेल या संशोधकांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुलांनी तीन वर्षे विरुद्ध मताच्या जोड्यांशी संगणकावर लेखी संवाद करून वाद घातले. तुलनेसाठी घेतलेल्या वर्गात शिक्षकाच्या नेतृत्वाखाली चर्चा झाली आणि निबंधही जास्त लिहून घेतले गेले. तरीही दोन्ही बाजूंचा विचार करण्यात वाद घालणारी मुले पुढे निघाली. निबंध सुधारायचा तर निबंधच अधिक लिहून घ्यावेत, या समजुतीला हा चांगलाच धक्का आहे.

विरुद्ध बाजू लिहिताना नेहमी दिसणारा दोष म्हणजे बुजगावणे उभे करणे. ‘काही लोक म्हणतात की मुलांनी रात्रभर गृहपाठच करावा’ असे लिहायचे आणि मग ते सहज पाडायचे. प्रत्यक्षात असे कोणीच म्हणत नसते. कसोटी सोपी आहे : आपण लिहिलेला पूर्वपक्ष त्या मताच्या वर्गमित्राला वाचून दाखवायचा. ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असे तो म्हणाला, तरच उत्तर लिहायला घ्यायचे. वरच्या उदाहरणात तो मित्र बहुधा म्हणेल की सरावाशिवाय गणित येत नाही. ते मान्यच करावे लागते. पण मदतीशिवाय सोडवता येणारा सराव देता येतो, हे उत्तर त्या कबुलीतूनच निघते. थोडे मान्य केल्याने बाजू लंगडी पडते, ही मुलांची पक्की समजूत मोडायला वेळ लागतो.

साचा

प्रस्तावना, तीन कारणांचे तीन परिच्छेद आणि समारोप हा पाच परिच्छेदांचा साचा अनेक देशांत रूढ आहे. घाबरलेल्या विद्यार्थ्याला तो हात धरून चालवतो, तपासणाऱ्यालाही सोयीचा पडतो. अडचण अशी की त्यात कारणे एकापुढे एक उभी राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत. दुसरा परिच्छेद चौथ्याच्या जागी ठेवला तरी काही बिघडत नाही. कारण दोनच असले तरी तिसरे ओढूनताणून आणले जाते. शिवाय आक्षेपाला त्यात घरच नाही. साचा द्यायचाच तर ‘कोणी म्हणेल की…’, ‘हे खरे असले तरी…’ अशी अर्धी वाक्ये द्यावीत. त्यांतून रचना नव्हे, तर विचाराची चाल हाती येते.

ग्रॅहम आणि पेरिन या संशोधकांच्या २००७ च्या अहवालात किशोरवयीन मुलांना लेखन शिकवण्याच्या पद्धतींची तुलना आहे. आराखडा, लेखन व पुनर्लेखन यांच्या युक्त्या पायरीपायरीने शिकवण्याचा सरासरी परिणाम ०.८२, एकत्र बसून लिहिण्याचा ०.७५, नमुन्यांच्या अभ्यासाचा ०.२५, तर सुटे व्याकरण शिकवण्याचा उणे ०.३२ निघाला (शून्य म्हणजे फरक नाही, आकडा जितका मोठा तितका फायदा जास्त, उणे म्हणजे तोटा). हे आकडे एकूण लेखनाचे आहेत, केवळ युक्तिवादाचे नव्हेत. तरी आदर्श निबंध वाचून दाखवून ‘असे लिहा’ म्हणणाऱ्यांनी शेवटच्या दोन आकड्यांकडे बघायला हरकत नाही.

तपासणी

शुद्धलेखनाच्या लाल खुणांनी भरलेली वही विद्यार्थी मिटून ठेवतो. युक्तिवादाची तपासणी दोन फेऱ्यांत करणे बरे : पहिल्या मसुद्यावर फक्त प्रश्न, भाषेच्या दुरुस्त्या दुसऱ्यावर. ‘स्पष्ट करा’, ‘विस्ताराने लिहा’ असे शेरे निरुपयोगी, कारण काय स्पष्ट करायचे हेच मुलाला कळलेले नसते. ‘हे वाक्य वाचून कोण नकारार्थी मान हलवेल?’ हा शेरा त्याला पुन्हा लिहायला बसवतो. यंत्राकडून अख्खा निबंध लिहून मिळू लागल्यापासून अनेक शिक्षक निबंधानंतर पाच मिनिटांची तोंडी उलटतपासणीही घेतात. एखाद्या परिच्छेदावर बोट ठेवून ‘कशावरून?’ एवढे विचारले, की ज्याने स्वतः लिहिले आहे तो भांडायला लागतो.