पेल्यातली चिठ्ठी: संगणक शिकवणाऱ्यांच्या कार्यशाळांची पार्श्वभूमी

फळ्यावर 'क्ष = क्ष + १' लिहिलं की अकरावीला नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं थबकतात. असं समीकरण असूच शकत नाही, हे त्यांना बीजगणिताने पक्कं शिकवलेलं असतं. इथलं 'बरोबर'चं चिन्ह समानता सांगत नाही, आधी उजवी बाजू काढून ती किंमत क्षमध्ये ठेवायला सांगतं. ही एक गोष्ट उलगडून सांगता आली नाही, तर मुलं पुढचं सगळं पाठ करतात. शिक्षकांना ती शिकवायची कशी, हे मात्र फार उशिरा शिकवलं गेलं.

१९८४-८५मध्ये केंद्राच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. तेव्हा प्रशिक्षणाचा भर यंत्र हाताळण्यावर होता, आणि यंत्रच नवं असताना ते साहजिकही होतं. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांसाठी ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, तीन-तीन आठवड्यांचे उजळणी वर्ग होऊ लागले. शाळेतले शिक्षक त्या कक्षेबाहेरच राहिले. नाशिकला १९८९मध्ये मुक्त विद्यापीठ आलं आणि नोकरी सांभाळून शिकण्याची वाट शिक्षकांना खुली झाली. २००१पासून एमएस-सीआयटी घरोघर पोहोचलं. ती साक्षरता होती, गरजेचीही होती; पण वर्ड-एक्सेल येणं वेगळं आणि प्रोग्रॅमिंग शिकवता येणं वेगळं.

कॉलेजांत टर्बो सी++ या प्रोग्रॅम लिहिण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरची निळी खिडकी वर्षानुवर्षं ठाण मांडून होती. १९९८मध्ये सी++ या भाषेचं प्रमाणीकरण झालं, तरी प्रॅक्टिकलच्या वहीत 'व्हॉइड मेन' आणि 'क्लिअर स्क्रीन' या प्रमाण नियमांत न बसणाऱ्या जुन्या ओळी तशाच उतरत राहिल्या. दोष शिक्षकांचा नव्हे. त्यांनाही तेच शिकवलेलं होतं.

बदल दोन बाजूंनी आला. आयआयटी मुंबईतल्या प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने शिक्षक आपल्या जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात बसून पवईचं व्याख्यान थेट ऐकू लागले. दुसरीकडे संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांच्या २००६च्या लेखाने संगणकीय विचारपद्धतीची, म्हणजे प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याच्या पद्धतीची, चर्चा जगभर नेली, २००७मध्ये स्क्रॅच ही ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याची मुलांची भाषा आली आणि २०१६मध्ये एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने हीच विचारपद्धती शाळांत नेण्यासाठी 'सीएसपाठशाला' सुरू केली. २०२०च्या धोरणाने सहावीपासून कोडिंग आणि शिक्षकांना वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं. तास पुरेसे आहेत. ते स्लाइड दाखवण्यात जाऊ नयेत, एवढीच माझी कळकळ.

नाशिकच्या एका कार्यशाळेत मी मागच्या बाकावर होतो. एका शिक्षिकेने कागदी पेल्यावर 'क्ष' लिहिलं आणि आत '५'ची चिठ्ठी टाकली. मग चिठ्ठी काढून वाचली, एक मिळवला, नव्या चिठ्ठीवर '६' लिहून ती पेल्यात टाकली. सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेल्या एका सरांनी विचारलं, "मॅडम, जुनी चिठ्ठी कुठे गेली? पोरं हेच विचारतात." पुढचा अर्धा तास सगळे त्या एका चिठ्ठीवर बोलत होते, आणि चहा तसाच गार झाला.