जुन्या गाडीची चिपवाली चावी: पैसे नेमके कशाचे जातात

गोव्यात बारा-पंधरा वर्षांची गाडी विकत घेणाऱ्याच्या हातात अनेकदा एकच चावी पडते. दुसरी आधीच्या कुठल्यातरी मालकाकडे हरवलेली असते. उरलेलीही हरवली, की अधिकृत वर्कशॉपमध्ये काही हजारांचा आकडा ऐकावा लागतो, आणि काही मॉडेलना तर चावीबरोबर पूर्ण लॉकसेट आणि इमोबिलायझरचा, म्हणजे चावीची ओळख पटेपर्यंत इंजिन अडवून ठेवणाऱ्या यंत्रणेचा, डबा बदलायला सांगतात. चावीतली चिप मात्र काहीशे रुपयांत मिळते. मधला सगळा खर्च गाडीच्या मेंदूला नवी चावी ओळखायला लावण्याचा आहे, आणि ती परवानगी कोणाच्या हातात ठेवायची हे गेल्या तीसेक वर्षांत ठरत आलं आहे.

त्याआधीची गोष्ट थोडक्यात आटपते. १९६१ पूर्वी गोव्यात आलेल्या परदेशी गाड्या असोत, नंतरच्या अँबेसेडर आणि फियाट असोत की मारुती ८००, चावी म्हणजे नुसतं धातूचं पातं. मूळ चावी शिकंज्यात धरायची, कोऱ्या पात्यावर कानस फिरवायची, झालं काम. म्हापशाच्या बाजारात हे बघता बघता व्हायचं.

चिप आली ती चोऱ्यांमुळे. १९८६ च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीच्या चावीत अमेरिकी कंपनीने एक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक विरोध करणारा तुकडा, बसवला होता, पण त्या विरोधाची मूल्यं जेमतेम पंधरा, त्यामुळे चोराला ती एकेक करून बघता यायची. नव्वदच्या सुरुवातीला युरोपात गाड्यांच्या चोऱ्या वाढल्या आणि जर्मन विमा कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझरचा आग्रह धरला. १९९५ मध्ये युरोपीय नियम झाला आणि ऑक्टोबर १९९८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीला तो सक्तीचा ठरला. आपल्याकडे २००५ मध्ये स्विफ्ट आली त्या सुमारास ही यंत्रणा मध्यमवर्गीयांच्या गाड्यांत दिसू लागली. आज चाव्यांसाठी हेलपाटे घालायला लावणाऱ्या गाड्या बहुतांशी त्याच पिढीतल्या.

चावीचं प्लॅस्टिक उघडलं की तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक पातं. दुसरी दरवाजाच्या बटणांची सर्किट पट्टी, तिला सेल लागतो. तिसरी चिप: सेंटीमीटरभर लांबीची काचेची कुपी किंवा काळा चौकोनी तुकडा, कुपीच्या आत केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. या चिपला सेल नसतो. इग्निशनच्या कुलपाभोवती एक कॉइल असते, ती साधारण १२५ किलोहर्ट्झवर चिपला क्षणभर वीज पुरवते आणि चिप आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही की डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा लुकलुकतो आणि इंजिन एक तर लागत नाही, नाहीतर लागून लगेच बंद पडतं.

हे तीन भाग वेगळे असल्याचा फायदा गोव्यात वारंवार होतो. बागा-कळंगुटला चावी खिशात ठेवून समुद्रात उतरणारे कमी नाहीत. खाऱ्या पाण्याने बटणांची पट्टी गंजते, पण काचेतली चिप बंदिस्त असल्याने सहसा वाचते. ती काढून नव्या कव्हरमध्ये बसवली की गाडी सुरू होते. 'रिमोट गेला, म्हणजे पूर्ण चावी गेली' असं कोणी सांगितलं तर आधी चिप तपासून घ्यावी.

नवी चिप करायचे मार्ग दोन. पहिला, चालू चावीतल्या चिपची हुबेहूब नक्कल. गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात, गाडीच्या मेमरीला हातही लावावा लागत नाही. हा मार्ग स्वस्त झाला तो संशोधनामुळे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बऱ्याच गाड्यांतल्या चिपचा ४० बिटांचा सांकेतिक अल्गोरिदम फोडून दाखवला. २०१२ मध्ये दुसऱ्या एका लोकप्रिय चिपची पाळी आली. तिसऱ्या चिपवरचा निबंध एका जर्मन कंपनीने २०१३ मध्ये ब्रिटिश न्यायालयातून रोखून धरला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपन्यांनी यात चोरांचा फायदा बघितला. प्रत्यक्षात फोनला जोडता येणारी नक्कल यंत्रं बाजारात आली आणि मडगाव-फोंड्याच्या चावीवाल्यांचा धंदा वाचला, हेही तितकंच खरं.

दुसरा मार्ग म्हणजे नव्या चिपची गाडीच्या मेमरीत नोंद करणं. तिथे पिन कोड लागतो, म्हणजे नोंदीची परवानगी देणारा त्या गाडीचा गुप्त आकडा. खरा वाद या कोडचा आहे.

गाडी माझ्या नावावर, आरसी माझ्याकडे, पण कोड कंपनीच्या सर्व्हरवर. तो मालकाला द्यायचा की फक्त अधिकृत वर्कशॉपला, हा निर्णय तंत्रज्ञानाने केलेला नाही, कंपन्यांनी केला. पर्याय होते. फोर्डच्या अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांत दोन चालू चाव्या ओळीने फिरवल्या की तिसरी चावी मालकालाच जोडता यायची. फियाटने नव्वदच्या दशकात गाडीबरोबर लाल मास्टर चावी दिली: ती असेल तर नव्या चाव्या जोडता येत, हरवली तर मोठा खर्च. चोरीचा धोका या कंपन्यांनाही होताच, तरी त्यांनी किमान काही अधिकार मालकाच्या खिशात ठेवला.

आपल्याकडे हा प्रश्न चावीच्या नव्हे, सुट्या भागांच्या तक्रारीतून पुढे आला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि बिघाड शोधण्याची यंत्रं खुल्या बाजारात मिळत नाहीत, ही तक्रार २०११ मध्ये दाखल झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा नियामकाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि भाग व यंत्रं स्वतंत्र गॅरेजनाही द्यावीत, असा आदेश दिला. अकुशल हातांत काम गेलं तर सुरक्षितता धोक्यात येईल आणि आमचे बौद्धिक हक्क बुडतील, हा कंपन्यांचा बचाव नियामकाने मानला नाही. प्रकरण अपिलांत गेलं आणि म्हापशातल्या चावीवाल्याच्या टेबलावर त्याचा परिणाम काही दिसला नाही.

पिन कोडच्या बाबतीत कंपन्यांची बाजू पूर्ण पोकळ नाही. कोड कुणालाही मिळू लागला तर इमोबिलायझरला अर्थ उरणार नाही. पण 'कुणालाही' आणि 'ओळख तपासलेल्या कारागिराला' यांत फरक करता येतो. कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये तसा कायदाच केला: मालक नोंदणीकृत कुलूपकाराकडे गेला, तर चावीची माहिती कंपनीने दिवसा-रात्री कधीही द्यायची, २००८ पासून. आपल्याकडे चावीवाल्याची अशी नोंदणीच नाही, त्यामुळे चोर आणि कारागीर एकाच रांगेत उभे केले जातात. मला यातला सर्वात मोठा अन्याय हा वाटतो.

कोड मिळत नाही म्हणून कारागीर आडवाटेने जातो. इमोबिलायझरचा डबा काढायचा, आतली आठ पायांची मेमरी चिप क्लिपने किंवा सोल्डर काढून वाचायची, त्या फाइलमधून कोड काढायचा. निष्णात हातांत हे काम शोरूमच्या खर्चाच्या अंशात होतं. हात चुकला तर डबा जातो. त्याहून स्वस्त तोड म्हणजे चालू चिप इग्निशनच्या कॉइलपाशी कायमची चिकटवणं, म्हणजे साध्या पात्यानेही गाडी लागते. ही तोड करू नये. पंधरा वर्षं संरक्षण देणारी यंत्रणा तिच्यामुळे एका दुपारीत निकामी होते.

जुन्या गाडीचा मालक आता सगळीकडूनच खर्चात आहे. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं. त्याच वर्षी केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारीही आहेत. तिथे चावीच्या कोडचा प्रश्न वेगळा मांडला जायला हवा, सुट्या भागांच्या यादीत तो हरवेल.

तोवर व्यवहारातला फरक मोठा आहे. एक चावी चालू असताना दुसरी केली तर बहुतेक जुन्या गाड्यांत नकलेवर भागतं. एकही नसेल तर डबा उघडावा लागतो. चावी हरवली असेल तर नवी जोडतानाच जुनीची नोंद मेमरीतून पुसून घ्यावी, आणि पोलिसांतल्या तक्रारीची प्रत, चावीवाल्याची पावती जपून ठेवावी. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते.