कॅमेऱ्यातील इलेक्ट्रॉनिक लेव्हलची पडताळणी

कॅमेऱ्याची लेव्हल शून्य दाखवत असताना छायाचित्रही खरोखर सरळ येते का, हे तपासण्याची रीत. ॲक्सेलरोमीटर हा बारीक संवेदक गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो आणि त्यावरून कॅमेऱ्याचा डावा-उजवा कल पडद्यावर दिसतो. अनेक कॅमेऱ्यांत पुढचा-मागचा कलही दिसतो. डावा-उजवा कल दाखवण्याची सोय २००७ च्या निकॉन डी-३ मध्ये आणि २००९ च्या कॅनन ७-डी मध्ये होती. लेव्हल जुळल्यावरही सुमारे १ अंशाचा फरक राहू शकतो, असे ७-डीच्या माहितीपुस्तिकेतच म्हटले आहे. १ अंश किरकोळ वाटतो, पण ६००० पिक्सेल रुंदीच्या चित्रात एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे १०५ पिक्सेल खाली जाते. तळ्याच्या चित्रात एवढा कल लगेच डोळ्यांत भरतो.

सातारा जिल्ह्यात ही पडताळणी विशेष गरजेची ठरते, कारण कोकणातल्यासारखी समुद्राची क्षितिजरेषा इथे मिळत नाही. यवतेश्वरचा घाट चढून कासला गेले की चारी बाजूंना उतार आणि डोंगरांच्या तिरक्या कडा दिसतात. सह्याद्रीतील बेसाल्टचे थर आडवे भासतात, पण १ अंशाचा निवाडा त्यांवरून करता येत नाही. कास तलावाचा पलीकडचा काठसुद्धा फसवतो: काठ कॅमेऱ्याला समांतर नसेल, तर पाण्याची कड बिनचूक चित्रातही तिरपी दिसते. दीपमाळ वर निमुळती होत जाते, म्हणून तिची एक कड धरून चालत नाही.

खात्रीचे साधन गवंड्याकडे आहे: ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेले वजन. वारा नसलेल्या खोलीत तो टांगावा आणि वजन पाण्याच्या बादलीत बुडवावे, म्हणजे दोरी लवकर स्थिर होते. दोन-तीन मीटरवर ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून दोरी चित्राच्या बरोबर मध्ये घ्यावी. कडेला भिंगाची वक्रता बाधते, आणि कॅमेरा वर-खाली झुकलेला असेल तर उभ्या रेषाही कलतात. मध्यावर दोन्हींचा त्रास होत नाही. स्थिरीकरण (हात हलल्याची भरपाई करणारी कॅमेऱ्यातील सोय) बंद करून, सेल्फ-टायमर लावून फोटो काढावा. ४००० पिक्सेल उंचीच्या चित्रात दोरी वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत ७० पिक्सेलने बाजूला सरकलेली असेल तर चूक १ अंशाची, ३५ ने असेल तर अर्ध्या अंशाची.

एकाच फोटोवर विसंबू नये. एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून कॅमेरा वळवत शून्यावर आणावा. लेव्हल काही अंतरापर्यंत शून्यच दाखवत राहते, म्हणून दोन्ही निकालांचा मध्य धरावा. कॅमेरा उभा धरून, म्हणजे उभ्या चौकटीतही, हीच कसोटी वेगळी घ्यावी, तिथली चूक निराळी असू शकते.

हॉट-शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरील फ्लॅश बसवायच्या खाचेत) बुडबुड्याची लेव्हल बसवून तुलना करण्याची पद्धत सोपी आहे, पण अपुरी आहे. तिने कॅमेऱ्याचा सांगाडा तपासला जातो; आतला चित्रसंवेदक किंचित फिरलेला असेल तर ते कळत नाही. ओळंब्याच्या फोटोत मात्र चित्रसंवेदक, लेव्हल आणि सांगाडा यांचा एकत्रित परिणाम उमटतो, आणि छायाचित्रकाराला हवा असतो तो तोच.

पुढच्या-मागच्या कलासाठी लेव्हल पाइप, म्हणजे गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी, वापरावा. भिंगाच्या मध्याची उंची या नळीने समोरच्या भिंतीवर नेऊन खूण करावी. लेव्हल शून्यावर असताना ती खूण चित्राच्या मध्यावर यायला हवी. ३ मीटरवर १ अंशाची चूक सुमारे ५ सेंटिमीटर भरते.

बाहेर असताना वाईच्या किंवा संगम माहुलीच्या घाटावर पाणी निवांत असेल, तर कळसाचे टोक आणि त्याचे प्रतिबिंब यांना जोडणारी रेषा ओळंब्याचे काम करते. तीही चित्राच्या मध्यावरच घ्यावी. पावसाळ्यात नदी वाहती असल्यावर हा उपाय जमत नाही. चालत्या गाडीत किंवा होडीत लेव्हल पाहूच नये, कारण संवेदक गतीतील बदलही गुरुत्वाकर्षणात मिसळून मोजतो.

ऑलिंपसच्या काही कॅमेऱ्यांत लेव्हलचे शून्य मेन्यूतून नव्याने ठरवता येते. ती सोय नसल्यास आडव्या आणि उभ्या चौकटीची चूक दिशेसह नोंदवून ठेवावी आणि फोटो संपादित करताना तेवढा कोन फिरवावा.