माटुंगा की माटुंगा रोड?

ॲडमिशनचे दिवस होते. भाच्याला सांगितलं, "माटुंग्याला उतर, कॉलेज समोरच आहे." तो मध्य रेल्वेच्या माटुंग्याला उतरला आणि रुइयाच्या दारात उभा राहिला. जायचं होतं रुपारेलला! चूक माझीच. रुपारेल पश्चिम रेल्वेच्या माटुंगा रोडसमोर आहे.

घोळ होतो तो 'पूर्व' आणि 'पश्चिम' या शब्दांमुळे. मुलुंड पूर्व-पश्चिम म्हणजे एकाच स्टेशनच्या दोन बाजू. माटुंग्याला तसं नाही. इथे दोन वेगळ्या लाइनी आहेत आणि मधे रेल्वेचं अवाढव्य वर्कशॉप. १९१५ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डब्यांच्या दुरुस्तीसाठी उभारलेलं हे वर्कशॉप आजही चालू आहे. त्यामुळे नकाशात हाकेच्या अंतरावर दिसणारी स्टेशनं गाडीने गाठायची तर दादरला जायचं, पूल चढायचा, लाइन बदलायची आणि एक स्टेशन मागे यायचं. त्यापेक्षा दोन्ही बाजू जोडणाऱ्या झेड ब्रिजवरून चालत गेलेलं बरं.

माटुंगा दादर आणि शीवच्या मधलं, तर माटुंगा रोड दादर आणि माहीमच्या मधलं. दोन्हीकडे धीम्या लोकलच थांबतात. नावातला 'रोड' म्हणजे गाव जरा लांब आहे, हे सांगायची रेल्वेची जुनी तऱ्हा. नाशिक रोडला उतरून पंचवटी शोधणाऱ्यांना ती चांगली ठाऊक असते.

मध्य रेल्वेच्या माटुंग्याला बाहेर पडलात की रामाश्रयची फिल्टर कॉफी, पुढे बाजारात केळीची पानं, मोगऱ्याचे गजरे. व्हीजेटीआय आणि पोदारची पोरंही याच बाजूची. जुलै २०१७ मध्ये इथला सगळा कारभार महिलांच्या हाती आला. स्टेशन व्यवस्थापकापासून पॉइंट्समनच्या कामापर्यंत ४१ जणी. लिम्का बुकात नोंद झाली. शिवाय रविवारी 'माटुंगा-मुलुंड दरम्यान मेगाब्लॉक' ऐकून हे नाव कल्याण-डोंबिवलीकरांना पाठच झालंय.

माटुंगा रोडला हा थाट नाही. बाहेर सेनापती बापट मार्ग, रुपारेल, थोडं आत यशवंत नाट्यमंदिर. प्रयोगाला जायचं असेल तर हेच स्टेशन. मला ते आवडतं. दादरची गर्दी खाली उतरली की इथपर्यंत डब्यात श्वास घेता येतो.

जीआयपीची मध्य रेल्वे आणि बीबीसीआयची (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची) पश्चिम रेल्वे झाली ती एकाच दिवशी, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी. दोन माटुंगे मात्र वेगळेच राहिले.

ॲपवर तिकीट काढताना कोड बघा: एमटीएन म्हणजे माटुंगा, एमआरयू म्हणजे माटुंगा रोड. केसीई दिसलं तर ते किंग्ज सर्कल, हार्बरचं. तेही माटुंग्यातच, पण तिथे या दोन्ही लाइनींची गाडी जात नाही.

भाचा झेड ब्रिजवरून घामाघूम होऊन पोचला. अर्ध्या वाटेत इडली खाऊन.