घरगुती व्यवसाय आणि भूवापराचे नियम (महाराष्ट्र)

राहत्या घरातून लहान व्यवसाय चालवताना नगररचनेच्या कायद्याने घातलेल्या मर्यादा. महाराष्ट्रात या मर्यादांचा आधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आणि त्याखाली मंजूर झालेल्या विकास नियंत्रण नियमावल्या. शिवणकाम, पापड-लोणची, पोळीभाजीचे डबे, शिकवण्या, ब्यूटी पार्लर, वकिली, हिशेब लिहिणे, संगणकावरची कामे ही सगळी या मर्यादांच्या आत किंवा काठावर चालतात. धंदा करूनही घर घरच राहावे, एवढीच नियमांची अपेक्षा आहे. ते राहिले की नाही हे मोजण्याची प्रत्येक खात्याची फूटपट्टी मात्र वेगळी आहे, आणि गोंधळ आहे तो तिथेच.

शहराचे तुकडे पाडून इथे घरे, इथे दुकाने, इथे कारखाने अशी आखणी करण्याची पद्धत औद्योगिक शहरांच्या धुरातून आली. न्यूयॉर्कने १९१६ साली संपूर्ण शहराला लागू होणारे नियम केले आणि १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी विभागणी वैध ठरवली. मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ चा. शहरभराच्या विकास आराखड्याची कल्पना १९५४ च्या कायद्याने आणली आणि १९६६ च्या अधिनियमाने ती आजच्या स्वरूपात राज्यभर नेली.

ही विभागणी इथल्या वस्त्यांवर बाहेरून बसवलेली आहे. पुण्याच्या पेठांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड हीच रीत होती. येवल्यात पैठणीचा माग घरातच असतो. खड्ड्यात पाय सोडून विणकर बसतो आणि त्याच खोलीत घरच्यांचा वावर चालू असतो. पेणला गणपतीच्या हंगामात पडवी आणि ओटी मूर्तींनी भरून जातात. धारावीच्या कुंभारवाड्यात घर, चाक आणि भट्टी यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही. अशा ठिकाणी 'निवासी' आणि 'औद्योगिक' हे रंग नकाशावर भरता येतात, घरात नाही.

मुंबई महापालिका क्षेत्राला स्वतःची नियमावली आहे. १९९१ ची गेली आणि २०१८ मध्ये २०३४ पर्यंतच्या आराखड्याची आली. उरलेल्या बहुतेक राज्याला डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचे क्षेत्र), गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झालेले भाग तिच्यातून वगळले आहेत. नगररचनेच्या भाषेत निवासी विभागाचे दोन प्रकार पडतात, आर-वन आणि आर-टू. कोणता भूखंड कशात मोडतो हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रुंद रस्त्यावरच्या आर-टूमध्ये दुकाने, बँका, उपाहारगृहे अशी मोठी यादी चालते. गल्लीतल्या आर-वनमध्ये यादी आखूड होते, पण घरगुती व्यवसायाला तिथेही जागा आहे. आपले घर कुठे येते हे पाहायचे तर महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला काढावा लागतो; मुंबईत त्याला डीपी रिमार्क म्हणतात.

नियमावलीतली घरगुती व्यवसायाची व्याख्या जुनी आहे आणि थोड्याफार फरकाने एका नियमावलीतून दुसरीत उतरत आली आहे. तिच्या अटी अशा : व्यवसाय त्याच घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाने करावा, पगारी माणूस ठेवू नये, इथे धंदा चालतो असे बाहेरून दाखवणारी पाटी किंवा मांडणी नसावी, तिथे तयार झालेल्या वस्तूंखेरीज दुसरे काही विकू नये, इमारतीतल्या किंवा शेजारच्या लोकांना धोका नसावा, घरात एरवी असतात तेवढीच यंत्रे वापरावीत. लोकांना बसवून खाऊपिऊ घालण्याचा धंदा या व्याख्येतून बाहेर ठेवला आहे. म्हणजे डबे करून पाठवणे एका बाजूला, आणि दिवाणखान्यात चार टेबले टाकून खानावळ चालवणे दुसऱ्या बाजूला. उदाहरणादाखल नियमावली शिवणकाम, भरतकाम आणि बटणे तयार करणे यांची नावे घेते. हा शब्दसंग्रहच व्याख्येचे वय सांगून जातो.

यातली एकेक अट आजच्या घराला लावून पाहिली की ती कुठे बसते आणि कुठे अडते ते दिसते. विजेवर चालणारे यंत्र वापरले तर एकूण भार ०.७५ किलोवॅट, म्हणजे एक अश्वशक्ती, याच्या वर जाऊ नये असे बंधन आहे. शिलाई मशीनची मोटर याच्या खूपच खाली असते. घरघंटीला बहुधा एक अश्वशक्तीचीच मोटर असते, म्हणजे ती अगदी काठावर. घरी केक करून विकणारीचा साधा ओव्हन मात्र दीड-दोन किलोवॅट सहज घेतो, आणि पार्लरमधला केस वाळवायचा ड्रायरही किलोवॅटच्या आसपास असतो. आता ओव्हनमध्ये मोटर नाही, उष्णता आहे. मग तो 'यंत्रशक्ती'त धरायचा की नाही? अक्षरशः वाचले तर नाही, 'एकूण भार' या शब्दांवर बोट ठेवले तर हो. ज्या घरात वातानुकूलन यंत्र रोज याच्या दुप्पट वीज खाते, तिथे केकच्या ओव्हनवर वाद घालणे जरा विनोदीच आहे. पण तक्रार आली की वाद याच शब्दांवर होतो.

'तिथेच तयार झालेली वस्तू' ही अट त्याहून अडचणीची. सुरतेहून साड्यांचे गठ्ठे आणून व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो टाकायचे आणि घरून कुरिअर करायचे, हा आज अक्षरशः गल्लोगल्ली चालणारा धंदा आहे. त्यात पाटी नाही, यंत्र नाही, पगारी माणूस नाही आणि बऱ्याचदा गिऱ्हाईकही दारात येत नाही. तरी साडी घरात तयार झालेली नसल्याने व्याख्येच्या शब्दांत तो घरगुती व्यवसाय ठरत नाही. उलट घरात दिवसभर खडखडणारी शिवणयंत्रे बसतात, कारण त्यांचे नावच नियमात आहे. शेजाऱ्याला त्रास किती, हे खरे तर मोजायला हवे होते. व्याख्येने वस्तू कुठे जन्मली ते मोजले.

पगारी माणूस न ठेवण्याची अट पापड-मसाल्याच्या धंद्यात सगळ्यात आधी मोडते. उन्हाळ्याचे काम अंगावर आले की शेजारच्या दोघीतिघींना रोजाने बोलावले जाते, आणि तिथे घरगुती व्यवसाय कागदोपत्री संपतो. या संदर्भात श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेची रचना पाहण्यासारखी आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन हे काम सुरू केले. पीठ शाखेत मळले जाते, भगिनी ते घरी नेऊन पापड लाटतात आणि वाळवून परत आणतात. लाटणारी बाई नोकर नाही, संस्थेची सभासद आणि मालकीण आहे. रचना नगररचनेसाठी केलेली नव्हती, पण घरात यंत्र नाही, पाटी नाही आणि पगारी मजूरही नाही, अशा तिन्ही अटींत ती आपोआप बसते. प्रत्येक घर लहानच राहते आणि धंदा मात्र मोठा होतो.

वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद, डॉक्टर यांना वेगळी वागणूक आहे. राहत्या जागेतच, निवासाला पूरक म्हणून आणि ठरावीक क्षेत्रफळाच्या आत कार्यालय ठेवायला नियमावल्या मोकळीक देतात. दवाखान्याला रुग्ण तपासून परत पाठवण्यापुरती, खाटा टाकण्याची नाही. त्यात मेख 'राहत्या' या शब्दात आहे. डॉक्टर दुसरीकडे राहायला गेले आणि जुन्या सदनिकेत फक्त दवाखाना उरला, तर ही सवलत उरत नाही. वकिलांच्या बाजूने १९८४ च्या व्ही. ससिधरन विरुद्ध पीटर अँड करुणाकर या निकालाचा हवाला वारंवार दिला जातो. वकिलाचे कार्यालय ही व्यापारी आस्थापना नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले होते. तो निकाल केरळच्या दुकाने व आस्थापना कायद्यावरचा आहे, झोनवरचा नाही, हे मात्र हवाला देताना सहसा गाळले जाते.

नगररचना खात्याची फूटपट्टी अश्वशक्तीची, तर वीज कंपनीची युनिटांची. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांनुसार घराच्या एका भागात व्यवसाय चालत असला तरी महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. वकील, डॉक्टर, लेखापाल यांच्या घरातल्या कामालाही तोच दर आहे. शुश्रूषागृहे आणि रुग्णालये त्यातून वगळली आहेत. मर्यादा ओलांडूनही घरगुती मीटरवरच धंदा चालू ठेवला, तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरून दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. व्यवहारात लोकांच्या खिशाला पहिला फटका बसतो तो बहुधा इथे, नगररचनेच्या नोटिशीने नव्हे.

कामगार खाते माणसे मोजते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ने १० पेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी नुसती सूचना देण्याची सोय केली. त्या पावतीलाच लोक अजून शॉप ॲक्ट लायसन किंवा गुमास्ता म्हणतात. अन्नपदार्थ विकणाऱ्यांना, मग ते घरचे डबे का असेनात, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी आणि पुढे परवाना अशी पायरी ठेवली. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीची केंद्र सरकारची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, फुकट आहे आणि स्वघोषणेवर मिळते. यांतला कोणताही कागद भूवापराची परवानगी नव्हे. भिंतीवर तीन प्रमाणपत्रे फ्रेम करून लावलेली असतात आणि झोनच्या दृष्टीने धंदा तरीही अनधिकृत असू शकतो, ही गोष्ट नव्याने सुरुवात करणाऱ्यांना कोणी सांगत नाही. गिरणी, तेल, ज्वालाग्राही माल अशा उपद्रवी किंवा धोकादायक ठरणाऱ्या धंद्यांना महापालिकेचा परवानाही लागतो. मुंबईत १८८८ च्या महापालिका अधिनियमाचे कलम ३९४ आणि इतर महापालिकांत १९४९ च्या महापालिका अधिनियमाचे कलम ३७६ त्यासाठी आहे.

गृहनिर्माण संस्था हा आणखी एक थर. सदनिका ज्या कारणासाठी दिली त्याच कारणासाठी वापरायची, हे उपविधींत आणि बहुतेक वेळा खरेदीच्या करारातही असते. संस्थेच्या ना हरकत पत्राने झोन बदलत नाही, आणि झोनमध्ये बसणारा वापर संस्थेला आपोआप मान्य असतो असेही नाही. सभासद आणि संस्था यांचा असा तंटा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. भाडेकरूची स्थिती याहून नाजूक, कारण भाडेकराराने फक्त राहण्यापुरती जागा दिली असेल तर घरमालक वापर बदलल्याचे कारण पुढे करू शकतो.

अंमलबजावणी जवळजवळ पूर्णपणे तक्रारीवर चालते. घरोघर जाऊन कोणी अश्वशक्ती मोजत नाही. तक्रारीची कारणेही ठरलेली : जिन्यात चपलांचा ढीग, लिफ्ट अडवून उभे असलेले डिलिव्हरीवाले, दुपारी चालणारा मिक्सर, दुसऱ्याच्या जागेत लावलेली गाडी. १९६६ च्या अधिनियमात 'विकास' या शब्दात बांधकामाबरोबर इमारतीच्या वापरातला महत्त्वाचा बदलही येतो, त्यामुळे परवानगीशिवाय वापर बदलणे हा कलम ५२ खाली गुन्हा आहे आणि कलम ५३ खाली तो बंद करण्याची नोटीस निघू शकते. वापर 'महत्त्वाचा' बदलला का, हा प्रत्येक प्रकरणात पुराव्याचा प्रश्न असतो. संध्याकाळी पाच मुलांची शिकवणी आणि दिवसभर तीन तुकड्यांत चालणारा क्लास यांच्यात फरक आहे, हे कोणालाही दिसते. नेमका कुठे, ते नियमात लिहिलेले नाही. कायद्यात बसवून घ्यायचे असेल तर कलम ४४ खाली वापरबदलाची परवानगी मागता येते, पण ती आर-टूसारख्या जिथे तो वापर मुळात चालतो अशाच भूखंडावर मिळू शकते.

दिल्लीने याबाबत वेगळी वाट धरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवासी भागातल्या अनधिकृत दुकानांना टाळे ठोकण्याची मोहीम झाली आणि शहरात मोठा उद्रेक झाला. त्यानंतर ७ फेब्रुवारी २००७ रोजी अधिसूचित झालेल्या २०२१ च्या बृहत् आराखड्यात मिश्र वापरावर स्वतंत्र प्रकरण आले. घरगुती उद्योगाला ५ कामगार आणि ५ किलोवॅटपर्यंत मुभा देण्यात आली आणि पुढे ही मर्यादाही वाढवली गेली. महाराष्ट्राच्या शून्य कामगार आणि पाऊण किलोवॅटशी तुलना केली तर दिल्लीची व्याख्या प्रत्यक्ष धंद्याच्या बरीच जवळ जाते, अर्थात शेजाऱ्यांच्या सोशिकतेच्या जोरावर. गोव्यात १९७४ चा नगर व ग्रामनियोजन कायदा आणि २०१० ची बांधकाम नियमावली आहे. तिथला ठळक घरगुती व्यवसाय म्हणजे पर्यटकांना खोल्या देणे, आणि त्याची नोंद १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे करावी लागते.