सोरायसिस म्हणजे रक्त खराब? नाही!

जळगाव-धुळ्याकडे कोपरावर पांढरे पापुद्रे सुटणारा लाल चट्टा दिसला, की ठरलेलं ऐकू येतं: रक्त खराब झालंय, वांगं बंद कर, पोरांना जवळ घेऊ नको. हिवाळ्यात शेतात भरीत-पार्टी रंगते आणि हा माणूस केळीचं पान घेऊन लांब बसलेला असतो. मला ते बघवत नाही.

सोरायसिस स्पर्शानं पसरत नाही. रक्तही नासलेलं नसतं. त्वचेच्या पेशी स्वतःच जंतुनाशक पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांसारखे पण छोटे रेणू, बनवतात. एलएल-३७ हे त्यातलं एक, ३७ अमिनो आम्लांची छोटी साखळी. ते जंतूंचं आवरण फोडतं, शिवाय रोगप्रतिकारक पेशींना हाक मारतं. सोरायसिसमध्ये ते वाजवीपेक्षा जास्त तयार होतं आणि मेलेल्या पेशींतून सांडलेल्या आपल्याच डीएनएला चिकटतं. एरवी त्या डीएनएकडे दुर्लक्ष करणाऱ्या डेंड्रायटिक पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, मग विषाणू आल्यासारखं इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सोडतात. टी पेशी या लढाऊ रोगप्रतिकारक पेशी चेततात, आणि जी नवी कातडी वर यायला एरवी महिनाभर लागतो ती काही दिवसांत येते. तेच हे पापुद्रे.

म्हणून रक्तशुद्धीच्या काढ्यांत वर्ष घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आणि ज्या चट्ट्याला लोक घाण समजतात, त्यात जंतुसंसर्ग सहसा होतच नाही, तेही याच पेप्टाइडांमुळे. बीटा-डिफेन्सिन-२ हे त्यातलंच आणखी एक पेप्टाइड १९९७ साली पहिल्यांदा सापडलं, तेही सोरायसिसच्या खपल्यांतच.