मोकळा अ‍ॅम्प आणि उसाची ट्रॉली

बेळगावात गणपतीच्या मंडपात वायरी ओढत मोठ्या झालेल्या कुठल्याही पोराला विचारा, एक नियम तो झोपेतही सांगेल: चार ओहमच्या खाली जायचं नाही. ओहम म्हणजे स्पीकर अ‍ॅम्पच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या) करंटला किती अडवतो त्याचं माप. स्पीकरच्या बॉक्सला बॉक्स समांतर जोडत गेलं की ओहम घटतात, करंट वाढतो आणि ऐन विसर्जन मिरवणुकीत अ‍ॅम्पचे ट्रान्झिस्टर उडतात. बॉक्स काढून ठेवला तर मात्र त्या अ‍ॅम्पला काही होत नाही. मोकळा अ‍ॅम्प म्हणजे निवांत अ‍ॅम्प.

गेल्या पावसाळ्यात कॅम्प भागातल्या एका मित्राच्या माळ्यावरून व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा, जुना गिटार अ‍ॅम्प खाली आला. ५० वॉटचं नुसतं हेड (अ‍ॅम्पचा भाग), स्पीकरचा बॉक्स नाही. आमचा माईकवाला दोस्त म्हणाला, "बॉक्स नंतर बघू की. आधी चालू तर करूया, मोकळाच हाय न्हवं?" मी प्लग त्याच्या हातातून काढून घेतला. व्हॉल्व्हच्या घरात त्याचा नियम उलटा चालतो.

व्हॉल्व्हकडे व्होल्ट भरपूर आणि करंट थोडा. अशा हेडमध्ये प्लेटवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या पत्र्यावर, चारशेहून जास्त व्होल्ट असतात, पण करंट मिलिअँपिअरमध्ये मोजावा लागतो. स्पीकरची मागणी अगदी वेगळी. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट द्यायचे तर २० व्होल्ट पुरतात, पण करंट अडीच अँपिअर लागतो. हा व्यवहार दोघांच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जुळवून देतो. ईएल ३४ नावाच्या व्हॉल्व्हच्या जोडीला समोर साधारण ३,४०० ओहमचं ओझं हवं असतं. ८ ओहमच्या ते ४२५ पट झालं, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंच्या तारेच्या वेढ्यांचं प्रमाण ४२५ च्या वर्गमुळाइतकं, म्हणजे साधारण २० ला १. ट्रान्सफॉर्मरचे स्वतःचे असे ठरलेले ओहम नसतात, तो फक्त गुणाकार करतो. ८ ओहमच्या जागी १६ चा बॉक्स लावला की व्हॉल्व्हला ६,८०० ओहम दिसतात, ४ चा लावला की १,७००.

दोस्ताला मी उसाचा ट्रॅक्टर सांगितला. निपाणीजवळचा तवंदी घाट चढताना इंजिन म्हणजे व्हॉल्व्ह, गिअर म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मागची ट्रॉली म्हणजे स्पीकर. गिअर चुकला तर इंजिन गुदमरतं किंवा नुसतंच ओरडतं. आणि चढावर ट्रॉलीची पिन निसटली तर? ड्रायव्हर निदान पाय तरी काढून घेईल. ट्रान्सफॉर्मरला ती सोय नाही. त्याच्या गाभ्यात चुंबकीय ऊर्जा साठलेली असते, व्हॉल्व्ह एकदम बंद होतो आणि त्या ऊर्जेला बाहेर पडायला स्पीकर नसतो. मग व्होल्टेज हजारोंत चढतं, व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते किंवा वेढ्यांमधलं इन्सुलेशन फुटतं. म्हणूनच फेंडर या अमेरिकी कंपनीच्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये स्पीकरची पिन काढली की जॅक (पिन खुपसायची जागा) आपोआप शॉर्ट होतो. माईकवाल्याला हे पटेना. शॉर्ट बरा, मोकळा वाईट!

दुप्पट किंवा निमपट फरक बहुतेक जुने अ‍ॅम्प सोसतात. कमी ओहमचा बॉक्स व्हॉल्व्हला दमवतो, जास्त ओहमचा ट्रान्सफॉर्मरला. नाइलाज झाला तर मी व्हॉल्व्ह दमवीन, आवाज खाली ठेवून. व्हॉल्व्ह नवा मिळतो, साठ वर्षांपूर्वीचा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही.

वॉटचा हिशेबही बघायला हवा. १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलच्या वाद्यांच्या दुकानातून मार्शल नावाची पहिली हेड बाहेर पडली, मूळ नमुना फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पचा. पुढे १०० वॉटची हेड आली. तेव्हाचे सेलेस्चन कंपनीचे ग्रीनबॅक स्पीकर २० वॉटचे, म्हणजे चार स्पीकरांचा बॉक्स ८० वॉटचा. म्हणून १०० वॉटच्या हेडला दोन बॉक्स. १६ ओहमचे दोन समांतर जोडले की ८ ओहम, हेडवरचा ओहम निवडायचा स्विच ८ वर. शिवाय आवाज फाटायला लागला की अ‍ॅम्प लिहिलेल्या वॉटपेक्षा बराच जास्त देतो, तेव्हा ५० वॉटच्या हेडला ५० वॉटचाच स्पीकर लावणं म्हणजे कंजुषी.

दोस्ताच्या गोदामात बारा इंची दोन स्पीकर निघाले, चिठ्ठ्या गळालेल्या. मल्टिमीटरवर प्रत्येकी साडेसहा ओहम. मीटर नुसत्या तारेचा रोध दाखवतो, तेव्हा साडेसहा म्हणजे ८ चा स्पीकर. १६ चा असता तर बारा-तेरा दिसले असते. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला, स्पीकरचा कागद पुढे सरकला तेव्हा सेलचं अधिक टोक जिथे टेकलं होतं, तिथे अधिकची खूण केली. दोन्ही एकामागे एक जोडले, १६ ओहम झाले, हेडचा स्विच १६ वर. वायर स्पीकरचीच घेतली. गिटारची शील्डवाली बारीक केबल इथे चालत नाही.

"म्हणजे आता १६ ओहम पक्के?" त्याने विचारलं. पक्के कुठले! स्पीकरचे ओहम सुराबरोबर हलतात. गिटारच्या स्पीकरचा कागद साधारण ७५ ते ११० हर्ट्झच्या मध्ये कुठेतरी स्वतःच्या लयीत डोलतो, आणि तिथे ओहम कित्येक पट चढतात. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प तिकडे लक्ष देत नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प मात्र जिथे ओहम चढले तिथे व्होल्टही चढवतो, म्हणून तोच स्पीकर त्याच्यावर खाली जास्त घुमतो.

गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. मित्राने ती मोकळीच छेडली. खिडकीची तावदानं थरथरली, आणि माईकवाल्याने आधी मागे वाकून पिन घट्ट बसलीय ना ते पाहिलं.